हवालदार भोये यांच्या गोळ्या

फोन किशोरने उचलला, पण डॉक्टरीणबाईंना त्याच्या वडिलांशीच बोलायचं होतं. किशोरने फोन वडिलांच्या कानाला लावून धरला. देवराम भोयेच्या हाताला हल्ली फोनचं वजनही पेलत नव्हतं.

"भोये, सरिता मॅडम बोलतेय. तुमचा लघवीचा रिपोर्ट आलाय. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"एकही चुकवलेली नाही, मॅडम."

"मग रिपोर्टात मॉर्फिन का नाही? कमी आहे असं नाही. अजिबात नाहीच."

देवरामने किशोरकडे बघितलं.

"मी पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं. गोळ्या माझ्याकडून जातात आणि तुमच्या अंगात पोचत नाहीत. मग जातात कुठं? या गोळ्यांना बाहेर कोण गिऱ्हाईक असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही पोलिसात होतात."

"मी विकतो, असं म्हणता का मॅडम?"

"मी काहीच म्हणत नाही. सोमवारी या आणि मला पटेल असं उत्तर घेऊन या. नाहीतर मला पुढं लिहून देता येणार नाही. मलाही वर जाब द्यावा लागतो."

फोन बंद झाला. किशोर म्हणाला, "बाबा, काहीतरी चूक झाली असेल लॅबवाल्यांची."

"दोनदा?" देवराम म्हणाला, आणि त्याच वेळी डाव्या पायातून कळ निघाली. त्यानं खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि दातांत टॉवेल घेतला. किशोर खिडकीकडे बघत उभा राहिला. अशा वेळी कुठं बघायचं ते घरात सगळ्यांनी शिकून घेतलं होतं.

देवराम नाशिक पोलिसात हवालदार होता. गुन्हे शोध पथकात त्याचं नाव होतं. सावळ घाटात चोरट्या दारूच्या गाडीमागं जाताना जीप उलटली आणि त्याचे मणके चेचले. ऑपरेशनं झाली. हाडं जुळली, पण शिरा जुळल्या नाहीत. द्राक्षाच्या मांडवाची तार ताणतात तशी कंबरेपासून अंगठ्यापर्यंत कोणीतरी तार ताणायचं, आणि ती तार तापलेली असायची. फोटोत काही दिसत नाही म्हणून साहेब लोक म्हणायचे, भोये आता कामचुकार झाला. नातेवाईक म्हणायचे, मनावर घेतलंय. त्या दिवसांत एकदा त्यानं किशोरला हाक मारून सांगितलं होतं, "घरातला दोर शेजारी नेऊन ठेव." किशोरने का म्हणून विचारलं नाही. दोर नेऊन ठेवला.

मग सरिता मॅडमच्या दुखणं-विभागात नाव लागलं. गोळ्या सुरू झाल्या. दुखणं गेलं नाही, पण लांब जाऊन बसलं. देवराम भिंतीला टेकून घरच्यांबरोबर जेवू लागला. रात्रभर झोपू लागला. बरीच वर्षं असं चाललं.

आणि या पौषात ते दुखणं परत उशाशी येऊन बसलं. गोळ्या त्याच, वेळ तीच, पण गुण नाही. गेल्या वेळी त्यानं मॅडमना मात्रा वाढवायला सांगितलं, तेव्हाच त्यांनी लघवी तपासायला घेतली होती.

आता सोमवारी गोळ्या बंद झाल्या तर काय, हे घरात कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

"किशोर, आज सुट्टी टाक," देवराम म्हणाला. "मला चौकशी करायची आहे."

"कुणाची?"

"घरातल्या सगळ्यांची. तुझ्यापासून."

किशोर अंबडच्या कारखान्यात फिटर होता. तो स्टूल ओढून बसला. पेठ रोडवरच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत देवरामची खाट होती. खिडकीवर जाड चादर टांगलेली होती, कारण हल्ली देवरामला उजेड सोसत नव्हता. बाहेर थंडी होती. देवरामचं नाक सारखं वाहत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, दोन घोंगड्यांखालीही अंगावर काटा येत होता.

"आधी सर्दीचं औषध घ्या," किशोर म्हणाला. "निफाडला तर दवबिंदू गोठलेत म्हणे."

"तुला आहे का सर्दी?"

"नाही."

"घरात आणखी कुणाला?"

"नाही. तुम्ही झोपून असता, म्हणून लागली असेल."

देवरामने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या गोळ्यांना हात कोण कोण लावतं?"

"मोहिनी डबीत भरते, आई देते. पण बाबा, तुम्हीही ओळखून आहात. लखन घरात आल्यापासून हे सुरू झालंय."

लखन हा देवरामच्या बायकोच्या, फुलाबाईच्या भावाचा, मंगळूचा मुलगा. तिशीचा गडी. पेठकडच्या पाड्यावरून भाजीची पिकअप घेऊन मार्केट यार्डात यायचा आणि पौष लागल्यापासून इथंच मुक्कामाला होता. दारू प्यायचा, हे तो स्वतःच सांगायचा.

"माल कुठं खपतो हे दारुड्यांनाच माहीत असतं," किशोर म्हणाला. "तुम्ही परवानगी द्या, मी त्याला आत्ता चौकीत नेतो."

"तू नेशील आणि ते विचारतील, पुरावा काय. काय सांगशील? मला आवडत नाही म्हणून?"

किशोरने स्टूल मागं सारलं.

"लखनला पाठव."

लखन आला तो दारातच उभा राहिला. आत्याच्या नवऱ्याला तो मामा म्हणायचा.

"मामा, बोलावलं?"

"बस. गावाकडे किती वेळा जातोस?"

"माल असंल तसा. एकाड दिवस."

"रिकामा जातोस?"

"नाय. आत्या माझ्या बाबासाठी काय काय देती. चटणी, कोरड्यास, कधी पेजेचं तांदूळ. बाबाला चावत नाय ना."

"का चावत नाही?"

"दाढ सुजलीया."

"अजून? फुला जाऊन बघून आली त्याला बरेच दिवस झाले."

"हाय तशीच," लखन म्हणाला आणि खाली बघू लागला.

"माझ्या गोळ्या तू घेतल्यास?"

"नाय घेतल्या, मामा. डबीला हात लावला असंल तर हात झडंल माझा."

"कुणी घेतल्या ते माहीत आहे?"

लखनने मान वर केली नाही. देवरामने शेकडो माणसांना हा प्रश्न विचारला होता. खोटं बोलणारा लगेच उत्तर देतो. लखन काहीच बोलला नाही.

"किशोर तुला चौकीत न्यायचं म्हणतो."

"नेऊ द्या," लखन म्हणाला. "मी दारुडाच हाय. कुणाला नवल नाय वाटणार."

तो गेल्यावर देवराम बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग पोटात मुरडा आला आणि त्यानं हाक मारली. किशोर आणि लखन दोघांनी मिळून त्याला उचलून आत नेलं. परत आणून निजवलं तेव्हा फुलाबाई दारात उभी राहून म्हणाली, "पोट तरी मोकळं हाय तुमचं. पहिलं तर एरंडेल पिऊन पिऊन जीव नको व्हायचा. पपईनं गुण आला."

"कधीपासून पपई देतेस?"

"मी गावावरनं आले तवापासून."

ती आपला गुडघा दाबत खाली बसली. तिचे गुडघे जुने होते. गल्लीतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांची औषधं चालू होती आणि मध्यंतरी तिला बरंही वाटलं होतं.

"तुझ्या गोळ्या घेतेस ना?" देवरामने विचारलं.

"संपल्या. आनीन परत."

"बरं, आता तुझी पाळी. माझी गोळी कोण देतं?"

"मी देते. दुसरं कोन देनार?" ती हसली. "झाली का सुरू तुमची पोलिसगिरी?"

"कुठून काढतेस?"

"डबीतनं. तुमच्या उशाशी तर असती. तुमच्या डोळ्याम्होरं काढते."

"मग?"

"मग काय? गुळात घालून आनते, पानी देते. लय कडू लागती म्हनून तुमीच कुरकुरत व्हते."

"पहिल्यांदा गूळ देत नव्हतीस."

"पहिल्यांदा तुमी असं कन्हतही नव्हते. तोंड जरा गोड व्हईल तेवढंच." तिनं पदराने त्याचं नाक पुसलं. "आता गप पडा. बोलून बोलून कळ वाढंल."

तिचा हात गरम होता. देवरामने डोळे मिटले. काल रात्रीही त्याचे पाय हिनेच दाबले होते, आणि परवाही.

आता मोहिनी राहिली होती. किशोरची बायको. मनमाडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलायला स्पष्ट. दर रविवारी तीच खाटेवर बसून पाकिटातल्या गोळ्या कात्रीने फोडायची आणि डबी भरायची. देवरामची बोटं थरथरायची आणि फुलाबाईला ते चंदेरी कागद फोडणं जमायचं नाही.

"बाबा, माझा नंबर शेवटी लावलात," ती म्हणाली. "म्हणजे संशय माझ्यावरच."

"तुला या गोळ्या आवडत नाहीत."

"नाहीत आवडत. अफूच आहे ती. माझे काका झोपेच्या गोळ्यांपायी वाया गेले. मी तुमच्या तोंडावर बोलले होते, आठवतं ना? पण म्हणून डबीत दुसरं काही भरेन?"

"मला आंघोळीला नेतात तेव्हा तिघंही न्हाणीत असतात. किशोर, लखन धरायला आणि फुला पाणी घालायला. तू एकटी असतेस या खोलीत."

"असते. तुमच्या खाटेवरची चादर बदलते. दुसरं कोण बदलणार?"

"डबी इथंच असते."

मोहिनीचा चेहरा लाल झाला. तिनं फळीवरून डबी उचलली आणि झाकण उघडून त्याच्यासमोर धरली. "दुपारच्या गोळीची वेळ झालीच आहे. चावून बघा. कडू नसली तर मी आजच्या आज मनमाडला जाते."

देवरामने डबीतून एक गोळी उचलली. बारीक, पांढरी, नेहमीसारखी. त्यानं ती दाढेखाली फोडली.

जीभ आक्रसली. इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं.

"खरी आहे," तो म्हणाला.

मोहिनीनं आणखी एक गोळी घेऊन जिभेला टेकवली आणि लगेच परत ठेवली. "हीसुद्धा."

किशोर पुढं आला. "मग झालं काय? डबीत खऱ्या आहेत. तुम्ही रोज घेताय. आणि अंगात नाहीत?"

"तेच तर विचारलं मॅडमनी."

देवराम उशीवर पडला. सगळ्या बाजू चाचपून झाल्या होत्या आणि वाट कुठंच निघत नव्हती. सोमवारी मॅडमना हेच सांगायचं होतं काय, की गोळ्या खऱ्या आहेत, मी त्या घेतो आणि त्या जातात कुठं ते मला माहीत नाही? कोणता पोलीस यावर विश्वास ठेवेल? त्यानं स्वतःच ठेवला नसता. त्याला एकदम शेजाऱ्यांच्या माळ्यावर पडलेल्या त्या दोराची आठवण झाली, आणि आठवण झाल्याची भीती वाटली.

फुलाबाई कुठं दिसत नव्हती. ती मागच्या ओट्यावर भांडी घासत होती.

तेवढ्यात एक गोष्ट झाली. इतकी हळू झाली की देवरामला आधी कळलीच नाही. पायातली तार सैल पडली. नाक वाहायचं थांबलं. घोंगडी जड वाटू लागली, म्हणून त्यानं ती बाजूला केली. डोळ्यांवर झोप आली आणि तो खरोखर झोपला. कितीतरी दिवसांनी.

उठला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो मोहिनीला म्हणाला, "खिडकीवरची चादर काढ."

"उजेड लागेल."

"काढ."

चादर निघाली. उजेड आत आला आणि देवराम त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. त्याला नोकरीतली एक कोठडी आठवत होती. कोडं सुटलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. खून उघडकीला आणल्यावर मयताच्या आईकडे जाताना त्याचा चेहरा असा व्हायचा.

"दिवेलागणीला गोळी असते," तो म्हणाला. "तेव्हा सगळे इथं बसा. लखनला जाऊ देऊ नका."

दिवेलागणीला सगळे जमले. किशोर स्टुलावर, मोहिनी दाराशी, लखन जमिनीवर भिंतीला टेकून. फुलाबाई आली. तिनं नेहमीसारखी डबी उघडली, गोळी काढली, देवरामसमोर धरली आणि आत गेली. थोड्या वेळानं तळहातावर गुळाचा खडा आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन आली.

देवरामने खडा घेतला. तोंडात घातला नाही.

"मोहिनी, ताट आण."

ताट आलं. त्यानं खडा त्यात ठेवून अंगठ्याने चिरडला. गुळातून पांढरी चपटी गोळी निघाली.

"चाख."

मोहिनीनं गोळी जिभेवर ठेवली आणि चमकून सासऱ्याकडे बघितलं. "गोड आहे. साखर आहे ही."

फुलाबाईने तांब्या खाली ठेवला.

देवराम बोलू लागला. कोर्टात साक्ष द्यायचा तसा, एकेक शब्द वेगळा करून.

"मला सर्दी झालेली नव्हती. सर्दी असती तर घरात एकाला तरी लागली असती. जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, पोट मोकळं, उजेड सोसत नाही. हे सगळं मी पूर्वी पाहिलेलं आहे. पावडर ओढणारी पोरं कोठडीत आणायचो आम्ही. माल मिळायचा बंद झाला की त्यांचं अस्संच व्हायचं. माझ्या स्वतःच्या अंगावर तेच चाललं होतं आणि मी थंडीला नावं ठेवत होतो."

"म्हणजे औषध बंद झालं होतं?" किशोरने विचारलं.

"एकदम. कधीपासून? ते माझ्या पोटानं सांगितलं. या गोळ्यांनी पोट धरतं, वर्षानुवर्षं मी एरंडेल पीत आलो. ते सुटलं, आणि श्रेय मिळालं पपईला. पपई सुरू झाली फुला गावाहून आल्यावर. गूळही तेव्हापासूनच."

किशोर आईकडे बघायचं टाळत होता.

"पण डबीतल्या गोळ्या खऱ्या निघाल्या. तिथं मी अडलो. मग दुपारी मी माझ्या हातानं डबीतली गोळी घेतली आणि दुखणं उतरलं. नाक सुकलं. उजेड सोसला. तीच डबी, तीच गोळी. फरक एकच होता. ती गोळी स्वयंपाकघरात गेली नव्हती." त्यानं श्वास घेतला. "मी डबीवर पहारा देत बसलो. डबीला कोणी हात लावलाच नाही. गोळी माझ्या डोळ्यांसमोर खरी निघायची, आत जायची, आणि येताना दुसरी यायची. गूळ कशाला, तर गोडाची चव लपवायला. कडू लपवायला नाही."

"आणि ती गोड गोळी?" मोहिनीनं हळूच विचारलं.

"गुडघ्यांची. म्हणूनच तिचे गुडघे परत धरले. तिच्या गोळ्या मी खात होतो."

आता सगळे फुलाबाईकडे बघत होते. ती खाली बसली. कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून आताची गोळी काढून ताटात ठेवली. खरी गोळी.

लखन उठून उभा राहिला. "मामा, मीच सांगितलं आत्याला. माझं नाव लावा."

"बस खाली," फुलाबाई म्हणाली. "तू काय बी सांगितलं नाय. मीच तुझ्या चटणीच्या पुडीत बांधून देत व्हते. तुला तर नंतर कळलं."

"कुणासाठी?" देवरामने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं.

"मंगळूसाठी. दाढ नाय सुजली त्याची. गालाला भोक पडलंय. कॅन्सर हाय. सरकारी दवाखान्यात म्हनले, शेवटचं हाय, घरी न्या. तापाच्या गोळ्या दिल्या त्यांनी." तिनं पदर तोंडाला लावला आणि परत काढला. "मी गेले तवा तो मेढीच्या खांबावर डोकं आपटत व्हता. तुमी वरडता तरी. त्याला वरडायला तोंड उघडत नाय. नुसतं डोकं आपटायचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"इचारलं व्हतं. आल्यादिवशी इचारलं, कुनाला दुखत असलं तर तुमच्यातली एक गोळी दिली तर चालंल का. तुमी काय म्हनले? म्हनले, त्याला जेल हाय. म्हनले, मी पोलीस हाय, माझ्या घरात असलं चालायचं नाय."

देवरामला ते आठवत होतं. त्यानं ते पेपर वाचता वाचता सांगितलं होतं.

"मला वाटलं, तुमच्या अंगात लय मुरलंय," फुलाबाई म्हणाली. "इतकी वरसं खाताय. तेलाच्या मडक्यात तेल संपलं तरी मडकं तेलकटच ऱ्हातं. मला वाटलं, महिना दोन महिने चालंल तुमचं त्याच्यावर. मंगळूला काय जास्त दिवस नाय."

"आणि चालत नाही, हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं."

"मी ओरडायचो. तू पाय दाबत बसायचीस."

"व्हते."

"तुला माहीत होतं, मी कशानं ओरडतोय."

"माहीत व्हतं," ती म्हणाली. "म्हनून तर दाबत व्हते."

मोहिनी रडायला लागली. किशोर उठून खिडकीपाशी गेला. देवरामला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण त्याच्या आड मंगळू उभा होता, मेढीवर डोकं आपटणारा. ते डोकं आपटणं देवरामला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सोमवारी काय सांगायचं?" किशोरने विचारलं. "आईचं नाव घेतलं तर केस होईल. नाही घेतलं तर गोळ्या बंद होतील."

"माझंच सांगा," लखन पुन्हा म्हणाला. "मी चोरल्या म्हना. त्यात खोटं कोनाला वाटनार नाय."

"बाबा, ते सोपं आहे," किशोर म्हणाला.

देवराम लखनकडे बघत राहिला. खरंच सोपं होतं. साक्षीदार घरचेच होते, आरोपी कबूल होता. नोकरीत अशी केस त्यानं दुपारच्या जेवणाआधी मिटवली असती. मॅडमनी विश्वास ठेवला असता. सोमवारी हातात कागद मिळाला असता, पायातली तार परत सैल झाली असती. आणि मंगळूची गोळी त्या दिवसापासून बंद झाली असती.

"मॅडमना फोन लाव," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत नको."

किशोरने फोन लावला. देवरामने काहीही न लपवता सांगितलं. बायकोचं नाव घेतलं. गूळ, चंची, चटणीची पुडी, सगळं.

मग मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांचा नव्हता. "त्या माणसाचा श्वास कसा चालतोय?"

"काय?"

"भोये, तुमची मात्रा तुमच्या सवयीची आहे. नव्या माणसाला ती दिली तर झोपेत श्वास बंद पडतो. किती देतायत त्याला?"

लखन फोनजवळ आला. "मॅडम, आत्यानं सांगितल्यासारखं अर्धी अर्धीच देतो. कुटून, पेजेत. झोपतो. पर हाक मारली की डोळं उघडतो."

"आज उघडलं?"

"पहाटं माल घेऊन निघालो तवा उघडलं व्हतं."

"त्याला आणा. आत्ता निघा आणि त्याला आमच्याकडे आणा, मी वॉर्डात सांगून ठेवते. येईपर्यंत त्याला एकही गोळी देऊ नका. त्याला औषध मिळेल, त्याच्या नावावर मिळेल. ते मिळायला हवं होतं, कुणी पाठवलंच नाही त्याला माझ्याकडे." मग त्या थांबल्या. "भोये, तुम्ही दुपारी पूर्ण गोळी घेतलीत. मध्ये खंड पडून अंगाची सवय मोडलीय, आता एकदम पहिल्यासारखं घेता येणार नाही. आजपासून अर्धी. हळूहळू वाढवू."

"अर्ध्यानं भागणार नाही, मॅडम."

"माहीत आहे. पण इलाज नाही." मॅडमचा आवाज खाली आला. "आणि मला हे सगळं कागदावर लिहावं लागेल. मी लिहीन की तुम्ही स्वतः कळवलंत. पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही. मी गोळ्या चालू ठेवीन, पण एका अटीवर. गोळी किशोर देईल आणि डबी कुलपात राहील. तुमच्या बायकोनं त्या गोळ्यांना यापुढं हात लावायचा नाही. कधीच. हे तुम्हाला मान्य असेल तरच."

फोनचा आवाज मोठा होता. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. फुलाबाईनंही.

"मान्य," देवराम म्हणाला.

लगेच म्हणाला. एक श्वासही मध्ये गेला नाही. आणि किती लगेच म्हणालो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

किशोरने फोन ठेवला. लखन किल्ली घेऊन बाहेर गेला आणि पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. फुलाबाई भिंतीला हात लावून उठली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागला. तिनं आतून घोंगडी आणली, पाण्याची बाटली घेतली, पदर खोचला.

"किशोर, तांदूळ भिजत घातलेत," ती म्हणाली. "मोहिनीला सांग, तुझ्या बाला पेजच दे म्हनावं. पोट अजून ठिकान्यावर नाय."

"आई, तू कशाला जातेस? घाट आहे, थंडी आहे."

"त्याला धरायला कोन हाय गाडीत?"

दारात ती थांबली. तिनं देवरामकडे बघितलं. देवरामच्या पायात तार पुन्हा ताणायला लागली होती आणि त्याचा हात खाटेचा दांडा शोधत होता. ती दोन पावलं परत फिरली, नेहमीच्या सवयीनं त्याच्या पायथ्याशी बसायला वाकली. मग बाहेर लखनने हॉर्न दिला.

"जा," देवराम म्हणाला. "त्याचा श्वास बघत राहा."

ती गेली. किशोरने डबी उघडली, गोळी काढून चाकूनं मधोमध कापली आणि अर्धी बापाच्या हातावर ठेवली.